‘विनाखर्च’ मुदतवाढ बंद करा!

चौथा हप्ता (धागाकर्ता)

नदी शुद्धीकरण, पाणलोट, खारफुटी, काहीही घ्या. आंतरराष्ट्रीय निधीतून चाललेला पर्यावरण प्रकल्प ठरलेल्या तारखेला संपल्याचं तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? पाच वर्षांचं काम सात-आठ वर्षं रेंगाळतं आणि मधे एक गोंडस नावाचा कागद फिरतो: विनाखर्च मुदतवाढ. रक्कम तेवढीच, तारीख फक्त पुढे.

मी आठ वर्षं अशा प्रकल्पांचे हिशेब लिहिले आहेत. त्यात विनाखर्च काहीही नसतं. कार्यालयाचं भाडं, गाडीचं डिझेल, समन्वयकाचा आणि लेखापालाचा (म्हणजे माझाही) पगार चालूच राहतो. हा पैसा निघतो प्रत्यक्ष कामाच्या तरतुदीतून. एका प्रकल्पाला दीड वर्षाची वाढ मिळाली तेव्हा कुऱ्हाड कशावर पडली? रोपवाटिकेवर आणि लागवडीनंतरच्या राखणीवर. कर्ज असेल तर आणखी गंमत. आशियाई विकास बँक सरकारांना दिलेल्या नेहमीच्या कर्जात न उचललेल्या रकमेवर वर्षाला ०.१५ टक्के वचनबद्धता शुल्क लावते. घर बंद, भाडं चालू.

माझं म्हणणं सरळ आहे. मध्यावधी आढाव्यापर्यंत ठरलेला खर्च झाला नाही, तर उरलेला निधी परत जावा. ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी या पर्यावरण प्रकल्पांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीत दारापाशी असा नियम आहेच. त्याच्या परिषदेची मंजुरी मिळाल्यावर १८ महिन्यांत पूर्ण आराखड्याला अंतिम मान्यता मिळाली नाही, तर मोठा प्रकल्प रद्द होऊ शकतो. दारात चालतो तो नियम घरात का नको?

ओली माती

तुमचा संताप कळतो, औषध मात्र भलत्याच रोग्याला देताय.

घड्याळ कधी सुरू होतं ते आधी सांगा. करारावर सह्या झाल्या की कागदोपत्री पहिला दिवस. मग प्रकल्प कक्षाची मंजुरी, माणसं नेमणं, स्वतंत्र बँक खातं, खरेदीचा आराखडा, त्यावर निधीदात्याचे शेरे. मी ज्या पाणलोट प्रकल्पात होते तिथे पहिला हप्ता अकराव्या महिन्यात आला, तोही पाऊस सरल्यावर. लागवडीचा हंगाम जेमतेम दीड महिन्याचा. एक पाऊस चुकला की वर्ष गेलं. तुमच्या तक्त्यात मात्र ती ‘तीन महिन्यांची दिरंगाई’ असते.

आणि खर्चाची टक्केवारी हा निकष लावलात की काय होतं ते मी पाहिलंय. पैसे सगळ्यात लवकर कशावर संपतात? गाड्या, लॅपटॉप, कार्यशाळा, सल्लागार. गावाशी बसून चराईबंदी कुठे नि किती वर्षं हे ठरवायला चहापाण्याचा खर्च येतो, पण आठ-नऊ महिने लागतात. ज्या कामावर प्रकल्प तरतो ते स्वस्त आणि संथ असतं. तुमचा नियम नेमकं तेच मारेल.

फाईलबहाद्दर

ओली माती +१. ‘हरकत नाही’ची चिठ्ठी विसरलात. निविदेच्या मसुद्याला, मूल्यांकनाला, मग कराराला, प्रत्येक टप्प्यावर निधीदात्याची वेगळी चिठ्ठी लागते. दरम्यान आमच्याकडे प्रकल्प संचालकांची बदली होते. नवे साहेब फाईल पहिल्या पानापासून वाचतात. वाचतात हेच नशीब म्हणायचं.

तिवर

घाईचं काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण खारफुटीतलं आहे. फिलिपिन्समध्ये १९८० नंतर जागतिक बँक, आशियाई विकास बँक अशांच्या पैशांतून खारफुटीची प्रचंड लागवड झाली. पुढे तिथल्या अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा दीर्घकाळ जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के निघालं. रोपं वाईट नव्हती, जागा आणि जात चुकली. उघड्या, वाळूच्या किनाऱ्यावर तिवर-चिप्पीच्या कुळातली झाडं आपोआप रुजतात. लावली गेली कांदळाच्या कुळातली, कारण त्यांच्या लांब शेंगा गोळा करायला आणि चिखलात खोचायला सोप्या.

आणि भरतीच्या मधल्या-वरच्या पट्ट्यात, जिथे ती जगली असती, तिथे मत्स्यतलाव आणि मालकीची भांडणं होती. म्हणून लागवड सरकली खाली, जवळजवळ पाण्यातच. तिथे कुणाचा सातबारा नसतो ना! जमिनीचा गुंता सोडवायला वेळ लागला असता, तो वाचवला आणि झाडं बुडवली. कागदावर अशी लागवड वेळेत पूर्ण होते. चौथा हप्ता यांच्या नियमात ती पहिल्या नंबरने पास.

चौथा हप्ता

@तिवर, उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. तिथे मोजलं काय? लावलेली रोपं. जगलेली मोजून पैसे दिले असते तर कुणी पाण्यात खोचत बसलं नसतं. खर्चाची टक्केवारी हा निकष वाईट, हे मान्य. तो शब्द मागे घेतो. मग निकालावर पैसे द्या. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल कराराचा बहुपक्षीय निधी १९९१ पासून चालू आहे. त्याच्या बहुवर्षीय करारांत देशाने ओझोनला घातक रसायनांचा वापर ठरल्याइतका घटवला, हे तपासून पुढचा हप्ता सुटतो. उशीर झाला तर पैसा थांबतो. विनवण्या नाहीत, मुदतवाढीचं नाटक नाही.

उलट तपासणी

ओझोनचं उदाहरण सगळेच देतात, कारण ते सोपं आहे. मोजक्या रसायनांचं उत्पादन, आयात, निर्यात मोजली की वापर कळला. जंगलाचं तसं नाही. नॉर्वेने २०१० मध्ये इंडोनेशियाला जंगलतोड आणि त्यातून होणारं उत्सर्जन घटवण्यासाठी निकालावर आधारित १ अब्ज डॉलरपर्यंतचं वचन दिलं. घट मोजायची कशी, पडताळायची कुणी, पैसे कुठल्या खात्यातून फिरवायचे, यातच वर्षं गेली. शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये पैसे मिळत नाहीत म्हणून इंडोनेशियानेच करार संपवला. वर्षभराने नवा करावा लागला. निकालावर पैसे म्हटल्याने दिरंगाई संपत नाही, ती मोजणीच्या खोलीत जाऊन बसते.

रिकामटेकडा

आठ वर्षं हिशेब, अकरा महिने वाट. सगळे भत्त्यावर जगणारे दिसताय. झाड एकाने तरी लावलंय का?

ओली माती

@रिकामटेकडा, लावलीत. निम्मी शेळ्यांनी खाल्ली. राखणदाराचा पगार चार महिने थकला होता. कारण वर धागाकर्त्यांनी लिहिलंच आहे.

बाकीच्यांसाठी: पहिलं वर्ष तयारीचं म्हणून वेगळं काढा, त्याला छोटा निधी द्या, आणि मुख्य घड्याळ पहिला हप्ता खात्यावर पडेल त्या दिवशी सुरू करा. हप्ता हंगामाच्या तीन महिने आधी आलाच पाहिजे, नाही आला तर ते वर्ष धरायचं नाही. मुदतवाढीच्या अर्जात एक रकाना हवा: फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती. निधीदात्याचं टेबलही त्यात धरायचं. आत्ताच्या अर्जात कारण म्हणून बहुधा ‘स्थानिक अडचणी’ असं मोघम लिहिलेलं असतं, त्यात सगळं खपतं.

फाईलबहाद्दर

तो रकाना भरणारा माणूस आमच्याच कार्यालयातला असणार आणि पुढचा हप्ता त्याच निधीदात्याकडून यायचा. लिहील का तो ‘बँकेकडे ९४ दिवस’? मी तरी नसतं लिहिलं.

चौथा हप्ता

घड्याळाचा मुद्दा पटला. टेबलाचा रकानाही हवा. तारखा आवक-जावक नोंदीतून उचलल्या तर कुणाला हिंमत दाखवायची गरज नाही. पण शिक्षेचा आग्रह मी सोडत नाही. निधीदात्याकडे फाईल पडून राहिली तर तेवढ्या दिवसांचा कार्यालयीन खर्च त्याने मूळ रकमेबाहेरून द्यावा, आणि आपल्याकडे पडली तर आपल्या सरकारने. रोपवाटिकेच्या तरतुदीला कुणीच हात लावायचा नाही.

तिवर

आणि दोघांच्याही टेबलावर नसेल तर? तलावाचा मालक कोर्टात गेला, स्थगिती आली. ते दिवस कुणाच्या खात्यावर टाकणार?