मदत हवी आहे: बाली, उलुवातूच्या गुहेतून पाण्यात उतरावं का?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्यासोबत बालीला जातेय. त्याला देवळं आणि सूर्यास्त बघायचाय, मला उलुवातूची लाट. जमलंच तर त्या लाटेवर उभं राहायचंय, आणि नेमकं तिथेच अडलंय.

माझी तयारी सांगते. चार वर्षांपूर्वी गोव्यात आश्वेला सर्फिंग शिकले, नंतर कर्नाटकातल्या मुल्कीला दोन-तीनदा जाऊन आले. कमरेएवढ्या लाटेत निवांत असते, छातीएवढीत जपून. पण हे सगळं वाळूवरचं. रीफचा, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळ-खडकाचा अनुभव एकच, गेल्या डिसेंबरात श्रीलंकेतल्या मिडिगामाचा. पडले, घाबरून पाय खाली टेकवला आणि टाच प्रवाळावर घासली. जखम नखाएवढी, पण आत कणी राहून गेली आणि आठवडाभर पायात चप्पल सरकवता येईना. आता पडताना पाय आपोआप वर घेते, तरी धास्ती आहेच.

उलुवातूला सुलुबान किनाऱ्याच्या पायऱ्या उतरून कड्याखालच्या गुहेत जायचं आणि तिथूनच समुद्रात शिरायचं, एवढं माहीत आहे. मला भीती जाण्याची नाही, परत येण्याची आहे. भरतीला गुहेत पाणी भरतं आणि प्रवाह तोंडापासून बाजूला ओढून नेतो म्हणतात. हे खरंच किती अवघड आहे?

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. आजोबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे, पंचमीला पावणेचार. तो हिशेब तिकडे चालेल का?

अजून एक. मी डावा पाय पुढे ठेवते आणि उलुवातूची लाट डावीकडे जाणारी, म्हणजे पाठ लाटेकडे येणार. पाठमोरं मला अजून धड जमत नाही. अशा अवस्थेत तिथे जाणं म्हणजे इतरांच्या मध्ये येणं होईल का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी तिथे तीन वेगवेगळ्या वर्षी उतरलोय. स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: या खेपेला पहिल्या दिवशी उतरू नका.

लाट वाईट म्हणून नव्हे. एप्रिल ते ऑक्टोबर आग्नेयेचा वारा कड्यावरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाटेचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत राहतो. म्हणून जगभरचे लोक याच महिन्यांत येतात आणि गर्दी प्रचंड असते. शिवाय ती एक लाट नाही, तिचे वेगवेगळ्या नावांचे भाग आहेत. दक्षिणेला देवळाच्या बाजूला टेंपल्स, गुहेसमोर पीक, पुढे रेसट्रॅक. रेसट्रॅक ओहोटीला वेगाने आणि अगदी उथळ पाण्यावर फुटतो. तुम्ही तिकडे फिरकूच नका.

आता गुहा. प्रवाह साधारण उत्तरेला, पदांग पदांग नावाच्या किनाऱ्याकडे वाहतो. परतताना कड्याकडे तोंड केलं की गुहा समोर ठेवायची नाही, तिच्या बऱ्याच उजवीकडे निशाणा धरायचा. प्रवाहच तुम्हाला तोंडापाशी आणतो. सगळे चुकतात ते इथेच: गुहा समोर दिसते म्हणून सरळ तिच्याकडे पॅडल मारतात आणि पोचेपर्यंत पुढे वाहून जातात. मी पहिल्या वर्षी हेच केलं. चुकलं तर प्रवाहाशी झुंजू नका. पुन्हा बाहेर जा, वर दक्षिणेला या, दुसऱ्यांदा या. मला तिसऱ्या फेरीत गुहा सापडली. दंड भरून आले होते आणि मागून सेट, म्हणजे मोठ्या लाटांची रांग येत होती. म्हणून सांगतो, हात दमण्याच्या अर्धा तास आधी परत फिरायचं.

आजोबांचा हिशेब अर्धा चालेल. चंद्र तोच, त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग (कमी चढउताराची भरती-ओहोटी) तिकडेही असतो. पण भरतीचा तास प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा. पाऊणपटीचा नियम आपल्या कोकणाचा आहे. बालीला तिथलंच वेळापत्रक बघा.

माझं ऐकाल तर आधी पदांग पदांगच्या किनाऱ्यावर जा. तिथे 'बेबी पदांग' म्हणतात ती मवाळ, उजवीकडे जाणारी लाट आहे. तुमच्या पायाला सोयीची. खाली रीफच आहे, पण पाणी पुरेसं वर असताना सवय होते. रीफचे बूट घाला, पडताना आडवं पसरून पडा. कापलंच तर लगेच स्वच्छ पाण्याने घासून कणी काढा. लिंबू पिळू नका.

प्रतिसाद २

सर्फिंगमधलं कळत नाही, पण मेमध्येच जाऊन आले. आपल्या पासपोर्टवर विमानतळावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया. परदेशी पर्यटकांसाठीचा दीड लाखाचा वेगळा कर ऑनलाइन आधीच भरून ठेवा. देवळात माकडं चष्मा ओढतात, नवऱ्याला सांगून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'उजवीकडे निशाणा' मी वहीत चित्र काढून ठेवलं.

ठरलं: पहिले तीन दिवस बेबी पदांग. चौथ्या दिवशी उलुवातूला कड्यावरच्या वारुंगमध्ये (छोट्या खानावळीत) बसून तासभर फक्त बघणार, लोक गुहेत कसे परततात ते. पाचव्या दिवशी भांग असेल आणि लाट कमरेएवढी असेल तरच, तिथल्या एखाद्या प्रशिक्षकासोबत उतरेन.

एकच राहिलं. साडेसात फुटी बोर्ड तिथे भाड्याने सहज मिळतो का, की इथूनच न्यावा?