सायक्लोफॉस्फामाइडनंतर मदचक्र पुन्हा सुरू झाले, म्हणजे अंडाशय शाबूत?

प्रश्न: मादी उंदरांना या कर्करोगावरील औषधाचा 75 मिग्रॅ/किग्रॅ एकच डोस पोटाच्या पोकळीत टोचून दिला. मदचक्र (माजाचे चक्र) काही दिवस डायएस्ट्रसमध्ये, म्हणजे माज नसलेल्या टप्प्यात, अडकले, मग पूर्ववत झाले. इजा झाली नाही असे धरायचे का?

उत्तर १: अजिबात नाही. चक्र चालते वाढत्या फॉलिकलवर, म्हणजे अंडपेशी असलेल्या अंडाशयातल्या पिशव्यांवर. ती मरतात तेव्हा चक्र थांबते, आणि राखीव साठ्यातून नवी वर आली की पुन्हा सुरू होते. खरे नुकसान त्या साठ्याचे, म्हणजे अजून वाढू न लागलेल्या प्रायमॉर्डियल फॉलिकलचे. ते मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. अंडाशय बुएन द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या) ठेवा, 5 मायक्रॉनचे सलग छेद घ्या, दर पाचवा छेद मोजा. अंडपेशीचे केंद्रक दिसते तेवढेच फॉलिकल धरा, नाहीतर मोठी फॉलिकल दोनदा मोजली जातात.

उत्तर २: आधी तो डायएस्ट्रस खरा होता का ते तपासा. चक्राचा टप्पा पाहण्यासाठी योनीतील पेशींचा स्मिअर घेताना पिपेट खोल गेली तर गर्भाशयमुखाला चेतना मिळून छद्मगर्भावस्था (गर्भ नसताना गर्भारपणासारखी स्थिती) येते, आणि स्लाइडवर दिवसेंदिवस पांढऱ्या पेशीच दिसतात. पिपेटचे टोक फक्त योनीच्या तोंडाशी टेकवा. नराच्या वासाविना एकत्र ठेवलेल्या माद्यांचेही चक्र लांबते. पिंजऱ्यात नराचे वापरलेले भुसकट टाकून पाहा. सलाइन दिलेला नियंत्रण गट नसेल तर ही कारणे औषधाच्या परिणामापासून वेगळी काढता येणार नाहीत.

उत्तर ३: पुढे अंडाशय बशीत वाढवणार असाल तर हे औषध थेट घालू नका. यकृताने सक्रिय केल्याशिवाय ते निष्क्रियच असते. तिथे त्याचे सक्रिय रूप, फॉस्फोरामाइड मस्टर्ड, वापरा, द्रावण ताजेच हवे.