'कधीचा' आणि 'कधीऽऽचा'

'कधीचा बसलाय?' हा प्रश्न. 'कधीऽऽचा बसलाय!' ही तक्रार. शब्द तेच, क्रम तोच, फक्त 'धी' लांबली. 'किती वेळ?' आणि 'कितीऽऽ वेळ!' यांचंही तसंच. हेल काढला की शब्दाला जोर येतो एवढंच आपण म्हणतो, पण इथे वाक्याचा प्रकारच बदलतोय. शब्दकोशात या ताणाची नोंद हवी, असं मला मनापासून वाटतं.

गोष्ट सांगताना तर त्यावाचून पान हलत नाही. 'तो चालतोय, चालतोय, चालतोय' म्हटलं की पावलं मोजल्यासारखी होतात, आता काहीतरी घडणार म्हणून ऐकणारा सावध होतो. 'तो आपला चालतोऽऽय' म्हटलं की सगळी वाट एका दमात डोळ्यांपुढे येते.

सगळ्यात कामसू शब्द म्हणजे 'मग'. एरवी आपण तो 'मग्' असाच उच्चारतो, शेवटचा 'अ' गिळून टाकतो. पण पुढचं आठवत असताना 'मगऽऽ' म्हणतो तेव्हा तो गिळलेला 'अ' परत येतो आणि त्याच्यावरच सगळा सूर धरला जातो. 'आणिऽऽ'चंही काम हेच. तिथे नुसतं थांबलं तर कुणीतरी मध्ये बोलतं. सूर चालू असेपर्यंत सहसा कुणी तोंड उघडत नाही.

लांबचं दाखवायला 'तोऽऽ तिकडे', पण जवळचं मात्र 'इथ्थंच'. 'थ', 'ठ', 'ढ' म्हणताना श्वास अडतो, त्यामुळे ते स्वरासारखे गाता येत नाहीत. मग ते दाबून धरायचे: 'मोठ्ठा', 'एवढ्ढं'.

स्वर ताणण्याचं हे काम जुन्या संस्कृत व्याकरणकारांनी हेरलं होतं. ह्रस्वाची 1 मात्रा, दीर्घाच्या 2, प्लुताच्या, म्हणजे त्याहूनही लांबवलेल्या स्वराच्या, 3. लांबून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत होतो, असं पाणिनीचं सूत्रच आहे: 'दूराद्धूते च'. संस्कृतात प्लुत दाखवायला स्वरापुढे ३ लिहितात. मराठीने त्यासाठी अवग्रह, म्हणजे 'ऽ' हे चिन्ह, घेतला, आणि त्याचं काम उलटं केलं. 'सोऽहम्'मध्ये तो गेलेला 'अ' दाखवतो, आपल्याकडे जास्तीचा स्वर. म्हणून 'खूऊऊऊप' असं लिहिण्यापेक्षा 'खूऽऽप' लिहावं. वाचताना शब्द मोडत नाही.

एखादी गोष्ट लहान आहे हे दाखवायला तुमच्याकडे काय ताणतात, 'इवलाऽऽसा' की 'इवल्लासा'? माझ्या कानावर दोन्ही आहेत.