मदत हवी आहे: ऑकसच्या (अमेरिका-ब्रिटन-ऑस्ट्रेलिया संरक्षण सहकार्य) सवलतीचं नेमकं कलम कुठलं?

टॉरेन्सकाठी: आमची कंपनी अॅडलेडची, ऑथराइज्ड युजर (सवलतीला पात्र) म्हणून नोंद झालेली. १ सप्टेंबर २०२४ पासून ऑकस देशांना आयटारचं (अमेरिकेचे शस्त्रनिर्यात नियम) लायसन्स लागत नाही. तरी आमचा कंप्लायन्सवाला ब्रॅकेटची ड्रॉइंग व्हेंडरला पाठवू देत नाही. पीओ (खरेदी ऑर्डर) अडकलीय. त्याच्यासमोर ठेवायला कलम सांगा, घाई आहे.

नांगर: कलम १२६.७. पण व्हेंडर कुठला? आणि ड्रॉइंग आयटारची की ईएआरची (अमेरिकी वाणिज्य खात्याचे निर्यात नियम)?

टॉरेन्सकाठी: व्हेंडर चाकणचा. ड्रॉइंग अमेरिकन कंपनीकडून याच सवलतीत आली. भाग आयटारच्या यादीत कॅटेगरी आठ, एच-१ (ठरावीक लष्करी विमानांचे खास भाग). साधा अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट आहे हो!

नांगर: मग कंप्लायन्सवाला बरोबर आहे. सवलत फक्त अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत, तीही दोन्ही टोकं पात्र असतील तरच. चाकणला पाठवणं म्हणजे रीएक्सपोर्ट (तिसऱ्या देशात पुन्हा निर्यात), त्याला कलम १२३.९ प्रमाणे अमेरिकी परराष्ट्र खात्याची आगाऊ मंजुरी लागते. भाग एच-१ असेल तर ड्रॉइंग आठ-आय (त्या भागांची तांत्रिक माहिती) मध्ये येते, धातू कुठला याला महत्त्व नाही. नट, बोल्ट, वॉशर, बुशिंग 'स्पेशली डिझाइन्ड' (खास त्यासाठी बनवलेला भाग) या व्याख्येतून सुटतात. त्या यादीत ब्रॅकेट नाही.

सह्याद्री_७: एवढं कशाला? भारताला २०१८ पासून एसटीए-१ (लायसन्सशिवाय निर्यातीची अमेरिकी सवलत) आहे. कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) लेखी स्टेटमेंट घ्या आणि पाठवा.

नांगर: कृपा करून असा सल्ला देऊ नका. एसटीए वाणिज्य खात्याची, ईएआरच्या मालापुरती. आयटारला तिचा काही उपयोग नाही. भाग ९ए६१० (ईएआरच्या यादीतले लष्करी विमानांचे भाग) मध्ये असता तरीही ६०० सिरीजला (त्या यादीतला लष्करी माल) अंतिम वापर साधारणपणे अमेरिका किंवा ए:५ (भारत ज्यात आहे तो गट) देशांच्या सरकारसाठीच लागतो.

लेथवाला: कलम १२४.१३, ऑफशोअर प्रोक्युअरमेंट (परदेशातून खरेदी). बिल्ड-टू-प्रिंटला (दिलेल्या ड्रॉइंगप्रमाणे भाग बनवून घ्यायला) एक डीएसपी-५ (परराष्ट्र खात्याचा निर्यात परवाना) पुरतो, मी नेहमी हाच मार्ग सुचवतो.

नांगर: त्यात तयार माल अमेरिकेतल्या खरेदीदाराकडे किंवा अमेरिकी सरकारी संस्थेकडेच जावा लागतो. इथे तो अॅडलेडला जाणार, म्हणून जमत नाही. मूळ अमेरिकन कंपनीला मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स अग्रीमेंट (परदेशात उत्पादन करू देण्याचा करार) करायला सांगा आणि चाकणच्या व्हेंडरचं नाव उप-परवानाधारक म्हणून घालून घ्या. अर्ज त्यांनीच करायचा, तुम्ही नाही. मंजुरी येईपर्यंत कोटेशनसाठीसुद्धा ड्रॉइंग मेल करू नका. पीडीएफ पोचली की निर्यात झाली, पीओ निघो न निघो.

मावळतीर: चाकणहून माल परत पाठवताना स्कोमेट (भारताची नियंत्रित निर्यातीची यादी) कॅटेगरी ६ लागू शकते. ते लायसन्स संरक्षण उत्पादन विभागाचं.

सह्याद्री_७: तुमच्या ऑफिसात भारतीय पासपोर्टवाला कुणी ही ड्रॉइंग उघडतो का? पीआर (ऑस्ट्रेलियाचा कायम रहिवासी) असला तरी आयटारच्या हिशेबाने तो तिसऱ्या देशाचा नागरिक. कलम १२६.१८(ई) ची कर्मचाऱ्यांसाठीची सूट दुहेरी नागरिकांपुरती आहे, तीही सीक्रेट दर्जाचा क्लिअरन्स (सरकारी सुरक्षा मंजुरी) असेल तर.

टॉरेन्सकाठी: हे मी विचारलंच नव्हतं, पण एक जण आहे. आज त्याचा अॅक्सेस बंद करायला सांगतो. पीओ अॅडलेडमधल्याच दुसऱ्या मशीन शॉपला वळवली तर?

नांगर: चालेल, ते शॉपही ऑथराइज्ड युजर असेल तर. आधी आयटारच्या भाग १२६ च्या सप्लिमेंट २ मधली वगळलेल्या तंत्रज्ञानाची यादी तपासा. त्यात नसेल तर १२६.७ खाली पाठवा आणि काय, कुणाला, कधी दिलं याची नोंद ५ वर्षं ठेवा.