भर पावसाळ्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं का होत नाहीत?

प्रश्न: जुलै-ऑगस्टमध्ये दर्या खवळलेला, वारा सोसाट्याचा, बाष्प भरपूर. तरी चक्रीवादळं मे-जून आणि ऑक्टोबर-डिसेंबरमध्येच का?

दर्यावर्दी: मुख्य अडचण वरच्या वाऱ्याची. पावसाळ्यात साधारण दीड किलोमीटरवर नैऋत्येचा झोत, तर १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा. बाष्पाचं पाणी होताना सुटणारी उष्णता केंद्राच्या डोक्यावर साचली तरच खालचा दाब घसरतो. या उलटसुलट वाऱ्यांनी ढगांचा मनोरा कलंडतो, उष्णता बाजूला वाहून जाते. मग गाडी सहसा डिप्रेशनपुढे (म्हणजे चक्रीवादळाआधीच्या, कमी जोराच्या कमी दाबाच्या टप्प्यापुढे) सरकत नाही.

खारा वारा: अगदी बरोबर. पाण्याचंही बघा. पृष्ठभाग २६.५ अंश सेल्सिअस हवाच, पण गरम थर सुमारे ५० मीटर खोलही हवा. नाहीतर वादळच खालचं गार पाणी घुसळून वर आणतं आणि स्वतःचं इंधन तोडतं. मे २०२१ मध्ये अरबी समुद्रातल्या तौक्ते चक्रीवादळाला गरम पाणी मिळालं. १४ तारखेचं डिप्रेशन, १७ ला वारा ताशी १८० किलोमीटरच्या आसपास!

प्रश्नकर्ता: मग विषुववृत्तावर बारमाही गरम पाणी असूनही वादळं का होत नाहीत?

दर्यावर्दी: तिथे पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ मिळत नाही. आत येणारी हवा गोल फिरण्याऐवजी थेट केंद्रात घुसते, कमी दाबाचा खड्डा भरून जातो. ५ अंश अक्षांशाच्या आत वादळ क्वचितच.