टाइप-सीवर चालणारं सोल्डरिंग आयर्न घ्यावं का? वापरणाऱ्यांनी अनुभव लिहा

माझ्याकडे वीस वर्षं जुनं २५ वॉटचं आयर्न आहे. प्लग लावायचा, चहा टाकायचा, चहा पिऊन यायचं, तेव्हा कुठे टाका धरायला लावतो ती राळ चुरचुरते. परवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलो तर दुकानदार म्हणाला, "काका, आता हे पेनासारखं घ्या, दहा सेकंदांत तापतं." पाइनसिल, टीएस१०१ ही नावं तिथेच कळली. किंमत माझ्या आयर्नच्या दहापट तरी. स्वतःच्या पैशाने घेऊन निदान सहा महिने वापरलंय त्यांनीच लिहा. जाहिराती मला वाचता येतात.

साउंडवाला, बहुतेक वेळ दौऱ्यावर

नाटकाचा साउंड बघतो. मागच्या वर्षी दुसरी घंटा झाली आणि नायिकेच्या लेपल माइकची वायर कनेक्टरमधून सुटली. विंगेत प्लग होते, पण सगळे लाइटवाल्यांनी अडवलेले. पेटीवर बसलो, ६५ वॉटची पॉवर बँक मांडीवर, ३२० डिग्री लावलं. बिटवर, म्हणजे तापणाऱ्या टोकावर, सोल्डर (टाक्याचा धातू) वितळेपर्यंत मेकअपवाला "झालं का?" एवढंच म्हणाला असेल. केसासारख्या दोन तारा, दोन टाके. तिसरी घंटा वेळेवर झाली. त्या एका प्रयोगात पैसे वसूल. जुनं आयर्न असतं तर ते तापेपर्यंत पहिला प्रवेश संपला असता.

खाली ठेवलं की थोड्या वेळाने आपोआप झोपतं, उचललं की परत तापतं. आत हालचाल ओळखणारा सेन्सर आहे. अंधाऱ्या विंगेत हे फार बरं. पण बिट लगेच गार होत नाही, एकदा पडद्याला टेकवून बसलोय.

लातूरकडचा, मोटार-स्टार्टर आणि ट्रॅक्टर वायरिंग

मी पहिले दोन महिने शिव्या दिल्या. शेतात लाइट नसते म्हणून घेतलं, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावलं. तापायला चाळीस सेकंद. बरं, तेही चाललं असतं. पण जाड वायरला टेकवलं की आकडा ३५० वरून धाडकन खाली. सोल्डर वायरवर गोळी होऊन बसायचं, ओढलं की टाका सुटायचा.

मग पोरानं हिशोब करून दाखवला. बिटचा रेझिस्टन्स ८ ओहम. १२ व्होल्टला १८ वॉटच मिळतात, २० व्होल्टला ५०, २४ व्होल्टला ७२. म्हणजे आयर्न तेच, पण बॅटरीवर ते माझ्या जुन्या २५ वॉटपेक्षाही लंगडं! आता फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीमागे एक, जोडतो, म्हणजे २४ व्होल्ट. वायर सोल्डरने झकास भिजते.

(वरच्यांना) दादा, जपून

दोन बॅटऱ्या फुल चार्ज असल्या की साडेपंचवीस व्होल्टच्या पुढे जातात. तुमच्या आयर्नवर कमाल २४ लिहिलं असेल तर कधीतरी बोर्ड जाईल. थोडा वेळ पंप चालवून मग जोडा, आणि मीटर लावून बघितल्याशिवाय नको.

मोबाइल-लॅपटॉप दुरुस्ती, ठाणे

दुकानात रोज वापरतो, तेव्हा एक गोष्ट सांगतोच. दोन पिनांच्या चार्जरवर आयर्न लावून बिटला निऑन टेस्टर टेकवा. दिवा मिणमिणतो. चार्जरच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो, अर्थिंग नसल्याने तो बिटवर येऊन बसतो. आपल्याला फार तर मुंग्या येतात. पण समोरचा बोर्ड कुठेतरी अर्थ झालेला असेल तर मॉसफेटचा (बोर्डवरच्या नाजूक स्विचचा) गेट जाऊ शकतो. माझा एक बोर्ड असा गेला, गिऱ्हाइकाला भरून दिला. तेव्हापासून आयर्नच्या मागच्या स्क्रूला अर्थिंगची वायर लावलेली असते. शोभेला नाहीये तो स्क्रू.

बाकी बोर्डवरच्या कामाला हात फार छान बसतो. बोटं बिटच्या जवळ असतात, त्यामुळे टोक थरथरत नाही. सिलिकॉनची केबल मात्र घ्याच. साध्या केबलला बिट लागली की केबल संपली.

नाशिक, हौशी

माझं नवंकोरं आयर्न वडिलांनी कानशीने घासलं. तक्रार नाही, प्रेमाने घासलं. त्यांच्या पिढीचं बिट साध्या तांब्याचं, काळं पडलं की कानस मारायची, टिन चढवायचं. या बिटांवर लोखंडाचा पातळ थर असतो, तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं. पंधरा दिवसांत टोकाला खड्डा. आणि हीटर बिटच्या आतच, त्यामुळे अख्खी कांडी बदलायची. जुनं बिट चाळीस रुपयांना यायचं, हिला सातशे मोजले. आता पितळेच्या तारेची घासणी ठेवलीय आणि वर चिठ्ठी: "बाबा, कानस नको."

जर्मनीहून

इथे भाड्याच्या घरात कामाचं टेबल नाही, स्वयंपाकाच्या ओट्यावरच मांडतो. इथल्या दुकानात सोल्डर बहुतेक शिशाशिवायचं मिळतं. ते २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं, आपलं ६३/३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ ला. त्यामुळे ताकद जास्त लागते. लॅपटॉपच्या ६५ वॉट चार्जरवर अडत नाही.

विकून टाकलेला

मी सहा महिन्यांत विकलं. काम एकाच टेबलावर, रोज आठ तास. तिथे टेबलावर ठेवायचं सोल्डरिंग स्टेशनच बरं: जड स्टँड, जाड बिट, अर्थिंग आधीपासूनच. हलकं आयर्न केबलच्या ओढीने स्टँडवरून सरकायचं आणि मी झेलायला जायचो. एकदा झेललं, परत नाही.

(धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. माझं काम म्हणजे घरचे रेडिओ आणि गणपतीच्या माळा, म्हणजे पातळच. घरात एक पॉवर बँक आहे, तिच्यावर १८ वॉट लिहिलंय. चालेल का?

(साउंडवाला)

नाही चालणार, काका. तसल्या पॉवर बँका ९, फार तर १२ व्होल्टपर्यंतच जातात. वरच्या लातूरवाल्यांच्या हिशोबाने दहा, फार तर अठराच वॉट आले. बॉक्सवर बारीक अक्षरांत "२० व्होल्ट" छापलंय का ते बघा. नसेल तर मुलाचा लॅपटॉपचा चार्जर आणा, टाइप-सीचा असला पाहिजे. आणि अर्थिंगची वायर तेव्हाच लावून टाका.