मदत हवी आहे: एनफिल्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं (हॅमरचं) टोक नेमकं कशासाठी काढलं?

नमस्कार मंडळी,

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश लष्कराने आपलं कमरेचं हत्यार कसं बदललं, यावर एक मोठा लेख लिहितोय. बरंचसं जुळलंय, पण एका जागी गाडी अडली आहे. शस्त्रांची जाण असलेल्यांनी, विशेषतः रणगाडा दलात नोकरी झालेल्यांनी, कृपया मदत करावी.

हाताशी आहे ते आधी सांगतो, म्हणजे तेच पुन्हा टंकायचे कष्ट कुणाला पडणार नाहीत. १९१५ पासून वेब्ली मार्क ६ रिव्हॉल्व्हर चालू होतं. बोअर (नळीचा व्यास, इंचांत) .४५५, आणि वजन रिकामं असतानाच किलोभराच्या वर. खंदकांत त्याने चोख काम केलं, पण दणका एवढा की थोडक्या सरावात नवख्याचा हात बसत नसे. म्हणून युद्धानंतर .३८ बोअर ठरलं. गोळी मात्र २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, जड आणि संथ ठेवली. पुढे उघड्या शिशाची गोळी हेग कराराच्या (शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई करणाऱ्या) विरुद्ध ठरेल या धास्तीने तिच्या जागी १७८ ग्रेनची, धातूचं आवरण असलेली गोळी आली.

रिव्हॉल्व्हरचा नमुना बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने दिला होता. सरकारने तो एनफिल्डच्या सरकारी कारखान्याकडे सोपवला. तिथे कॅप्टन बॉइज यांनी (पुढची रणगाडाविरोधी 'बॉइज रायफल' यांच्याच नावाची) तसंच दिसणारं हत्यार तयार केलं आणि १९३२ मध्ये ते 'नं. २ मार्क १' म्हणून मंजूर झालं. नळी पुढे मोडून काडतुसं बाहेर टाकायची पद्धतही तीच. आतले भाग मात्र एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. वेब्लीने खर्चापोटी २,२५० पौंड मागितले. रचना बॉइज यांची, वेब्लीची फक्त मदत झाली, असं उत्तर मिळालं. शेवटी संशोधकांना मोबदला ठरवणाऱ्या रॉयल कमिशनने १,२५० पौंड दिले. मला हा निवाडा वेब्लीवर अन्याय करणारा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात एनफिल्ड कमी पडायला लागल्यावर लष्कराने वेब्लीचंच मार्क ४ घेतलं, हेही विसरू नये.

आता अडलंय ते. १९३८ मध्ये 'मार्क १ स्टार' आलं. त्यात घोड्याचं मागचं टोक काढून टाकलं. अंगठ्याने घोडा ओढायची सोयच गेली, प्रत्येक वेळी पूर्ण चाप ओढायचा. सगळीकडे कारण एकच सापडतं: रणगाड्याच्या आत ते टोक कशातही अडकायचं. पण मग पायदळाच्या अधिकाऱ्यांकडची जुनी मार्क १ सुद्धा परत मागवून का बदलली? एवढ्यासाठी रणगाडेवाल्यांना वेगळं हत्यार देता आलं असतं. जवळच्या अंतरावर झटपट गोळी झाडायला शिकवायचं म्हणजे नेम धरून घोडा ओढायची सवयच मोडायची, हे कारण मला जास्त पटतं. टाइपरायटरने छापलेलं एखादं प्रशिक्षण पुस्तक किंवा आदेश कुणी पाहिला असेल, तर त्यातलं वाक्य हवंय.

दुसरं, नगरच्या रणगाडा संग्रहालयात किंवा इतरत्र कुणी त्या काळचं रणगाडेवाल्यांचं मांडीवर बांधायचं होल्स्टर पाहिलंय का? त्यावर सहा काडतुसांच्या कड्या असायच्या. तुम्ही स्वतः काढलेला फोटो असेल तर फारच उत्तम.

तिसरं, ज्यांच्या घरात मराठा पलटणींचे इटलीतले फोटो आहेत त्यांनी अधिकाऱ्यांच्या कमरेकडे एकदा बघावं. होल्स्टर बंद असलं तरी चालेल. त्याचा आकार पाहून .४५५ की .३८ याचा अंदाज बांधता येतो का, हेही जाणकारांनी सांगावं.

ऐकीव माहितीही चालेल, फक्त ती ऐकीव आहे असं लिहा. लेखात ती तशीच, वेगळी नोंदवेन.